बिनसोयरगावची सभा

“सर, तुमी अजून आतच हाये बरं का!”

जिन्यात, स्टाफरूममध्ये, चहाच्या टपरीवर, जिथे म्हणून गाठ पडे तिथे माझे एक सहकारी मला हे वाक्य ऐकवीत, आणि ऐकवताना दोन्ही तळहात एकमेकांवर घासून नसलेला खडू झटकीत. आजूबाजूच्यांना त्यातले काही कळत नसे. मी हसून पुढे जात असे. त्या हसण्याचा आज मला संकोच वाटतो.

त्यांच्याविषयी लिहायचे तर एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे सारे लेखन सत्काराच्या भाषणासारखे होईल. मी त्यांच्याबाबत एकदा खोटे बोललो. ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेले असताना बोललो. वाक्य लहानसे होते : “मला याची कल्पना नव्हती.” त्या वाक्याने त्यांचे काम गेले आणि माझी खुर्ची राहिली. ही गोष्ट मी अनेक वर्षे घरातही कोणाला सांगितली नाही.

वाशीमच्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र विभागाचा प्रमुख आहे. विभाग हा शब्द जरा मोठा झाला. आम्ही दोघेच होतो. मी कायम, आणि ते तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास घेतील तितक्याचेच मानधन. पावसाळ्यात नेमणूक, उन्हाळ्यात मोकळे, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे देवाला आणि संस्थेच्या सचिवांना ठाऊक. ते कामरगावहून येत. कारंज्यापर्यंत जीप आणि पुढे एसटी असा प्रवास, त्यामुळे पहिल्या तासाला ते कधी वेळेवर आल्याचे मला आठवत नाही. अभ्यासक्रमही त्यांनी कधी पुरा केला नाही. दुसऱ्याच्या डब्यातली भाजी न विचारता खात, आणि स्वतःच्या विनोदाला इतरांच्या आधी हसत. असा सहकारी तुम्हालाही कधी लाभला असेल. त्याच्यावर रागावता येत नाही, आणि त्याच्यासारखे होताही येत नाही.

मी शिकवत असे ते टिपणे सांगून. लोकशाहीची वैशिष्ट्ये मी एकामागून एक सांगायचो आणि मुले खाली माना घालून उतरवून घ्यायची. लोकशाही इतक्या आज्ञाधारकपणे शिकली जाते यातली गंमत मला तोवर कधी जाणवली नव्हती.

त्यांनी पहिल्याच दिवशी हजेरी घेऊन झाल्यावर खडू समोरच्या मुलीच्या हातात दिला आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसले. वर्ग मागे वळून त्यांच्याकडे पाहू लागला. ते वर्गाकडे पाहू लागले. तास तसाच संपला. दुसऱ्या दिवशीही तेच. अखेर एक मुलगा कंटाळून उठला.

“सर, काईतरी सांगा ना.”

“कायले? मले तर येते. तुमाले येते का, ते पाहून राह्यलो.”

“पण आमी काय बोलाव?”

“कालच्या दिवशी तुझ्या गावात नळ आला होता का?”

“नाई आला.”

“काहून नाई आला?”

मुलाला ठाऊक नव्हते. शेजारच्याला थोडे ठाऊक होते, त्याच्या शेजारची म्हणाली की ते खोटे आहे, आणि तास संपल्याची घंटा झाली तेव्हा वर्गात इतका गलका होता की मी शेजारच्या खोलीतून उठून दार वाजवायला गेलो. ते दाराशी आले आणि म्हणाले, “माफ करा सर, संसद सुरू हाये.”

पुढे त्यांनी वर्गाचे एक गाव वसवले. त्याचे नाव बिनसोयरगाव. “खऱ्या गावाचं नाव घेतलं की कोणाचा मामा निघते, कोणाचा साडू निघते, मंग कोणी तोंड उघडत नाही,” असे त्यांचे म्हणणे होते. “हे गाव नकाशात नाही. इथं कोणाची सोयरीक नाही. बोला बिनधास्त.” या गावाला पाण्याची टाकी होती, गावठाणाचा वाद होता, बंद पडलेली अंगणवाडी होती. दर शनिवारी तिथे ग्रामसभा भरे. एका मळक्या क्रिकेटच्या टोपीत चिठ्ठ्या टाकलेल्या असत, आणि ज्याला जी चिठ्ठी येईल ती त्याची भूमिका. सावकाराच्या मुलाला मजूर व्हावे लागे, बुजऱ्या मुलीला सरपंच. यावरून मुलांनी त्यांचे नाव ‘चिठ्ठीवाले सर’ असे ठेवले होते.

सभेचे दोन नियम होते. भाषणाची भाषा बोलायची नाही, घरात बोलतो ती बोलायची. आणि सर्वांत मागे बसलेल्याने आधी बोलायचे. या दुसऱ्या नियमाचे कारण मी एकदा विचारले. ते डब्यातली पोळी मोडत म्हणाले, “माझा बाप गावच्या सभेले दाराच्या बाहेर उभा राहून आयके. आत या म्हणत लोक, नाई असं नाई. पण सरकून जागा कोणी देत नसे.” मग माझ्या डब्याकडे हात करून, “हे वांग्याचं हाये काय?” असे त्यांनी विचारले. तो विषय पुन्हा निघाला नाही.

एकदा त्यांच्या या पद्धतीने घात केला. आघाडी सरकार बनवण्याचा खेळ होता. दोन जिवलग मित्रांना विरुद्ध पक्षांच्या चिठ्ठ्या आल्या, आणि एकाने दुसऱ्याचे आमदार फोडले. खेळ संपला तरी राग संपला नाही. सायकल स्टँडवर दोघांची मारामारी झाली आणि एकाचा दात पडला. त्या संध्याकाळी ते स्टाफरूममध्ये डोके धरून बसले होते. “आत कसं जायचं ते शिकवलं सर. बाहेर कसं यायचं ते शिकवलंच नाही,” एवढेच ते म्हणाले.

पुढच्या शनिवारपासून नवा रिवाज सुरू झाला. सभा संपली की प्रत्येकाने उठायचे, हातावरचा खडू झटकल्यासारखे तळहात घासायचे, आणि स्वतःचे नाव आणि गाव सांगून म्हणायचे, “भूमिकेतून बाहेर.” मग भूमिकेत असताना आपल्या हातून काय झाले, ते एका वाक्यात सांगायचे. कोणी म्हणे, “मी सरपंच होतो, बाईले बोलू देल्लं नाई.” कोणी म्हणे, “मी मतदानाच्या वेळी झोपलो होतो.” मुले हसत, पण हसून झाल्यावर खरोखर हलकी झालेली दिसत. ज्या दोघांची मारामारी झाली होती त्यांनी हे पहिल्यांदा केले, आणि केल्यावर एकाच सायकलवर बसून घरी गेले.

मी एकदा हे पाहायला गेलो. विभागप्रमुखाने निरीक्षण करावे असा नियम होता, म्हणून मी मागे खुर्ची टाकून बसलो. ते टोपी घेऊन माझ्यापुढे आले.

“सर, बिनसोयरगावात बघे नसतात. उचला चिठ्ठी.”

मी उचलली. तिच्यावर त्यांच्या अक्षरात लिहिले होते : ‘ग्रामसेवक. वरच्याले दुखवायचं नाही, खालच्याले कळू द्यायचं नाही.’

मला लाज वाटावी इतके ते मला जमले. टाकी का गळते, असे मुलांनी नाना परींनी विचारले आणि मी प्रत्येक वेळी ‘प्रस्ताव वर पाठवला आहे’ असे म्हणालो. पोरे टाळ्या पिटत होती. इतक्यात शिपाई प्राचार्यांचा निरोप घेऊन आला आणि मी घाईने उठून गेलो. नाव, गाव, तळहात, सारे राहून गेले. दुसऱ्या दिवशी जिन्यात ते भेटले आणि हात झटकत म्हणाले, “सर, तुमी अजून आतच हाये बरं का!” ते वाक्य तिथून सुरू झाले.

त्याच जिन्यात काही महिन्यांनी त्यांनी मला थांबवले. खोटे गाव पुरे झाले, आता मुलांनी आपापल्या गावच्या खऱ्या ग्रामसभेत बसून पाहावे, कोण बोलतो, कोण बोलत नाही, हे लिहून आणावे, असा प्रकल्प त्यांच्या मनात होता.

“पाठवू का सर?”

“पाठवा. माझी परवानगी आहे.”

“लेखी देता का?”

“लेखी कशाला? मी आहे ना.”

हे मी सहज बोललो असे मी स्वतःला कित्येक वर्षे सांगत आलो. ते सहज नव्हते. लेखी असले की ते आपल्याला चिकटते, हे मला त्या क्षणी चांगले ठाऊक होते. त्यांनाही ते कळले असावे. तरी त्यांनी मान हलवली आणि खाली उतरून गेले.

त्यांच्या वर्गात प्रतीक्षा नावाची एक मुलगी होती. तिचे गाव शेलूबाजारच्या पुढे. माझे स्वतःचे गाव शेलूबाजार, त्यामुळे तिथली माणसे कशी आहेत हे मला माहीत होते. ती आईबरोबर ग्रामसभेला गेली. नुसते पाहून लिहून आणायचे होते. पण सभेला पुरेशी माणसे नव्हती आणि सरपंचांनी विषय भराभर मंजूर करायला घेतले, तेव्हा ही पोर मागच्या रांगेतून उठली. शनिवारी उठायची तशीच.

“अध्यक्षभाऊ, कोरम नाही. सभा तहकूब करा लागते.”

म्हणे म्हाताऱ्या बाया हसू लागल्या, मागून कोणीतरी “बराबर बोलते पोरगी” म्हणाले, आणि सभा खरोखरच तहकूब करावी लागली. सरपंचांनी तिला विचारले, “काय व, हे तुले कोणं शिकवलं?” तिने अभिमानाने आमच्या महाविद्यालयाचे नाव सांगितले.

बिनसोयरगावात कोणाची सोयरीक नव्हती. या गावात होती. सरपंच हे आमच्या संस्थेच्या सचिवांचे व्याही निघाले.

प्राचार्यांच्या खोलीत चौघे बसलो होतो : प्राचार्य, सचिव, ते आणि मी. पंखा चालू होता आणि तरी गुदमरत होते. प्राचार्य स्वभावाने वाईट नव्हते. ते म्हणाले, “सर, तुम्ही राज्यशास्त्र शिकवा. राजकारण शिकवू नका.” चिठ्ठीवाले सर हसले आणि म्हणाले, “मंग पोहण्याचा तास कोरड्यातच घ्याव लागते साहेब.” सचिव हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, “पोरीबाळींना असं गावोगाव पाठवायला विभागप्रमुखांची परवानगी होती का?”

वाचकहो, मला त्या क्षणाविषयी काही सबब सांगायची नाही. मुलीचे शिक्षण, घराचे हप्ते, बढतीचे प्रकरण, हे सर्वांना असते. त्यांनाही होते, आणि त्यांच्याकडे तर कायम नोकरीही नव्हती. मी समोरच्या काचेखाली ठेवलेल्या कॅलेंडरकडे पाहिले आणि ते वाक्य बोललो : “मला याची कल्पना नव्हती.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यात राग असता तर मी कदाचित सुटलो असतो. ते प्राचार्यांना म्हणाले, “सर म्हणतात तसंच असन.”

त्या वर्षानंतर त्यांना बोलावणे गेले नाही. जिल्ह्यातल्या दुसऱ्या महाविद्यालयांत ते मुलाखतींना गेले. गावे जवळजवळची, आणि बातमी त्यांच्या आधी पोहोचलेली. ‘ते न विचारता पोरींना पाठवणारे का?’ एवढा एकच प्रश्न पुरत असे. नंतर ते कुठेच दिसेनासे झाले. मी त्यांचे तास घेऊ लागलो. शनिवारी वर्गात शांतता असे. मी टिपणे सांगत असे आणि मुले उतरवून घेत.

पुढे काळ बदलला. नवे शैक्षणिक धोरण आले, नवा अभ्यासक्रम आला, आणि विद्यापीठाचेच परिपत्रक निघाले की अध्यापन कृतियुक्त व प्रकल्पाधारित असावे, विद्यार्थ्यांनी क्षेत्रभेटी द्याव्यात, भूमिकाभिनय करावा. प्राचार्यही नवे होते. त्यांनी विचारले, तुमच्या विभागात असे काही पूर्वी झाले आहे काय? मी हो म्हणालो. ‘ग्रामसभेचा प्रयोग’ असे ते नोंदवले गेले, आणि विभागप्रमुख म्हणून ओघानेच माझ्या नावावर गेले. मी ते अडवले नाही. मग मला एका महाविद्यालयात बोलावले, मग दुसऱ्या. शाली मिळाल्या. बिनसोयरगाव, टोपी, चिठ्ठ्या, तळहात, सारे मी सांगत असे, आणि ऐकणारे म्हणत, “वा सर, हे तुम्हाला सुचले कसे?” प्रत्येक कौतुकाबरोबर मी त्या खोलीत आणखी आत कोंडला जात होतो. बाहेर पडायला एकच दार होते, आणि ते मीच आतून लावून घेतले होते.

मुलांनी मात्र प्रकल्पांवर आपला तोडगा काढला होता. कोणाचा तरी तयार प्रकल्प आणायचा, झेरॉक्स काढायची, मुखपृष्ठावर आपले नाव घालायचे. एकदा कारंज्याकडचा एक विद्यार्थी तक्रार करत होता, “सर, कामरगावात एक झेरॉक्सवाला हाये. तो प्रकल्पाची झेरॉक्सच काढून देत नाही. वरून प्रश्न विचारते!”

मी पुढच्याच रविवारी गेलो.

दुकान स्टँडजवळच होते. यंत्रापाशी तेच उभे होते; केस पांढरे झालेले, कान मात्र तसेच मोठे. एक मुलगा वही पुढे करत होता.

“काका, याच्या दोन कॉप्या.”

त्यांनी पाने चाळली. “‘माझ्या गावातील पाणीपुरवठा.’ तुझं गाव कोणतं बे?”

“हेच. कामरगाव.”

“अन् इथं त लोक नारळाच्या बागेले पाणी देऊन राह्यले! आपल्या गावात नारळ कधी लागले, मले त कोणी सांगितलं नाही.”

“जाऊ द्या, दुसऱ्या दुकानात जातो.”

“जा. पण जाता जाता चौकातल्या नळावर आधी कोण भरते, तेवढं पाहून जा.”

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, “गिऱ्हाईक हाकलणारा दुकानदार पाह्यला काय कोणी?” आणि त्या बाहेर आल्या तेव्हा मला पाहून थबकल्या. त्यांना मी कोण ते माहीत होते. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, चहा ठेवते म्हणाल्या, आणि आत गेल्या. चहा उत्तम होता. मी तो अर्धाच ठेवला.

मी माफी मागायला गेलो होतो. दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा गिऱ्हाईक आले. खरे सांगायचे तर गिऱ्हाईक आल्याचे मला बरे वाटले. शेवटी मी सांगितले की आमच्याच महाविद्यालयात प्राध्यापकांची कार्यशाळा आहे, ग्रामसभेचा प्रयोग करून दाखवायचा आहे, तुम्ही या.

“मी कोण म्हणून येऊ सर?”

तेच मग म्हणाले, “चिठ्ठ्या डब्यात नका टाकू. टोपीत टाका. डब्यात हात घालताना माणूस कचरते.” निघताना ते रस्त्यापर्यंत पोहोचवायला आले. “पाहू. जीप भेटली त येईन.” मी एसटीत बसलो, गाडी सुटली, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्यांनी ते नेहमीचे वाक्य म्हटले नव्हते. त्यांच्यासाठी ती आता थट्टा राहिली नव्हती.

कार्यशाळेच्या दिवशी सभागृह भरले होते. व्यासपीठावर प्राचार्य आणि तेच सचिव, आता वयाने थकलेले. सचिवांनी प्रास्ताविकात सांगितले की ज्या पद्धतीचा आज सगळीकडे बोलबाला आहे, ती आमच्या सरांनी कधीच्या काळी सुरू केली. टाळ्या झाल्या. मी टोपी फिरवली. प्राध्यापक मंडळी आधी अवघडली, मग रंगली. कारंज्याच्या एका मॅडमनी सरपंच होऊन सर्वांना दरडावले, आणि एका गंभीर गृहस्थांनी रोजगार हमीचा मजूर होऊन सभागृह हसवले. सभा संपल्यावर एकेकाने उठून तळहात घासले, नाव सांगितले, गाव सांगितले, “भूमिकेतून बाहेर” म्हटले. शेवटचा माणूस बसला. प्राचार्य आभाराला उठले.

“सर राह्यले.”

आवाज मागून आला. सारे वळले. शेवटच्या बाकावर ते बसले होते, केव्हा आले कोण जाणे, मांडीवर प्रवासाची पिशवी. चेहऱ्यावर ना थट्टा होती, ना आरोप. वर्गात एखादे अडखळणारे पोर उठावे म्हणून ते ज्या धीराने वाट पाहत, तसे ते पाहत होते. सचिवांनी त्यांना ओळखले. त्यांचा हात ध्वनिक्षेपकाकडे गेला आणि तिथेच राहिला.

मी व्यासपीठावरून खाली उतरलो. लिहून आणलेले समारोपाचे भाषण टेबलावरच राहिले. बाकांच्या मधल्या वाटेने त्यांच्यापर्यंत जाताना मला आठवले की इथे भाषणाची भाषा बोलायची नसते. मी तळहात एकमेकांवर घासले. मी माझे नाव सांगितले.

“गाव शेलूबाजार. मले ग्रामसेवकाची चिठ्ठी आली होती, मी तिच्यातून कधी बाहेरच आलो नाई. हे सभा, हे टोपी, हे गाव, यातलं काईच माझं नाई. सारं या सरांचं हाये. पोरायले ग्रामसभेत पाठवायची परवानगी यायनं मले मांगितली होती, अन् मी देल्ली होती. जिन्यात, माझ्या तोंडानं. मंग साहेबायच्या समोर मी नाई म्हटलं. मी खोटं बोललो, अन् तुमी माझी लाज राखली. सर, मले माफ करा.”